वाचनाच्या पाठीशी रंगमंच आहे का?

प्रश्न : माझे वय २६. मी न्यू जर्सीतील एडिसनमध्ये वाढले आणि नोकरी सांभाळून इंग्रजीत नाटके लिहिते. माझ्या पहिल्या पूर्ण लांबीच्या नाटकाची निवड एका प्रादेशिक नाट्यसंस्थेच्या उन्हाळी महोत्सवात झाली आहे. हा महोत्सव 'इमर्जिंग आर्टिस्ट्स ऑफ कलर', म्हणजे गोरे नसलेले नवोदित कलावंत, यांच्या नव्या नाटकांसाठी आहे. मला २९ तासांची तालीम आणि एक जाहीर वाचन, म्हणजे नटांनी हातात संहिता घेऊन प्रेक्षकांसमोर केलेले वाचन, मिळणार आहे. ही खरी संधी आहे, की आम्हाला वेगळ्या पंगतीत बसवणे आहे? माझ्या संवादांत बरेच मराठी आहे, ते प्रेक्षकांना समजावून द्यावे का? करारात भावी उत्पन्नाचा वाटा मागितला आहे, तो द्यावा का? आणि आईबाबांना वाचनाला बोलवावे का?

उत्तर : प्रथम अभिनंदन. अमेरिकेतील नाट्यसंस्थांच्या संहिता विभागांत मी वीसहून अधिक वर्षे ड्रामाटर्ग म्हणून, म्हणजे नाटककाराच्या शेजारी बसून संहितेवर काम करणारा सल्लागार म्हणून, काम केले आहे. तुम्ही वर्णन केलेल्या महोत्सवांसाठी मी नाटके निवडली आहेत, नाकारली आहेत, आणि निवडलेल्यांपैकी बरीच पुढे कोठेही न पोहोचलेली पाहिली आहेत. त्या अनुभवावरून माझे मत असे बनले आहे की महोत्सव वेगळा असणे हा मूळ प्रश्न नाही. वाचन करवून घेणाऱ्याच्या हाती रंगमंच आहे का, आणि तो रंगमंच या नाटकांसाठी उघडण्याचा त्याचा इरादा आहे का, हा मूळ प्रश्न आहे. त्यामुळे या आठवड्यातच तेथील संहिता विभागाच्या प्रमुखांना नम्रपणे एकच गोष्ट विचारा : गेल्या पाच वर्षांत या महोत्सवात वाचलेल्या नाटकांपैकी किती नाटकांचे पूर्ण प्रयोग तुमच्या मुख्य रंगमंचावर झाले? आकडा आला तर उत्तम. आकड्याऐवजी 'आम्ही नव्या आवाजांशी नाते जोडतो' अशा धर्तीचे वाक्य आले, तर जावे अवश्य, पण कशासाठी जात आहोत हे मनाशी पक्के करून जावे.

'आर्टिस्ट्स ऑफ कलर' याचे मराठी करताना आपली पंचाईत होते, हेही येथेच सांगून टाकतो. 'रंगीत कलावंत' म्हटले तर हसू येते, आणि 'कलर्ड' हा जुना इंग्रजी शब्द तर वर्णभेदाच्या काळातील पाट्यांवरचा, म्हणून अपमानकारक आहे. मी 'गोरेतर' म्हणतो. त्यात कृष्णवर्णीय, लॅटिनो, आशियाई, अरब, मूलनिवासी असे सगळे येतात, आणि त्यांचे इतिहास एकसारखे नाहीत. आपण ज्या दारातून आत येत आहोत ते दार मुख्यतः कृष्णवर्णीय रंगकर्मींनी शंभर वर्षे धक्के देऊन उघडलेले आहे, एवढे भान भारतीय वंशाच्या लेखकाने ठेवलेले बरे.

त्या धक्क्यांची सुरुवात मी १९२६ पासून धरतो. त्या वर्षी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतील आपल्या क्रिग्वा नाट्यमंडळासाठी चार अटी मांडल्या : नाटक आमच्याविषयी असावे, आमच्यातल्याने लिहिलेले असावे, आमच्यासाठी असावे आणि आमच्या वस्तीजवळ व्हावे. या चार अटींपैकी शेवटची सर्वांत कमी उद्धृत होते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती जागेविषयी आहे. पुढे १९५९ मध्ये २८ वर्षांच्या लॉरेन हॅन्सबेरी यांचे 'अ रेझिन इन द सन' ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक रंगभूमीवर, आले. ब्रॉडवेवर पोहोचलेले ते कृष्णवर्णीय स्त्रीचे पहिले नाटक. त्याचे दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स हेही ब्रॉडवेवरचे पहिले कृष्णवर्णीय दिग्दर्शक. हेच रिचर्ड्स १९६८ पासून तीस वर्षांहून अधिक काळ कनेक्टिकटमधील यूजीन ओनील केंद्राच्या नाटककार परिषदेचे प्रमुख होते, आणि आज आपण ज्याला 'हातात संहिता घेऊन केलेले वाचन' म्हणतो त्या पद्धतीला अमेरिकेत जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यात या परिषदेचा वाटा मोठा आहे. कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन यांची नाटके तेथून अनेकदा परत आली होती. १९८२ मध्ये 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' निवडले गेले, १९८४ मध्ये ते येल विद्यापीठाच्या येल रेपर्टरी या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावर झाले आणि त्याच वर्षी ब्रॉडवेवर गेले. ही कहाणी बहुधा प्रतिभेचा शोध म्हणून सांगितली जाते. मी तिच्याकडे व्यवस्थापनाच्या बाजूने पाहतो : ज्या रिचर्ड्स यांनी वाचनासाठी नाटक निवडले, तेच त्या वेळी येल रेपर्टरीचेही कलासंचालक होते. वाचनाची खोली आणि प्रयोगाचा रंगमंच यांच्या किल्ल्या एकाच जुडग्यात होत्या.

याच विल्सन यांनी जून १९९६ मध्ये प्रिन्स्टन येथे नाट्यसंस्थांच्या राष्ट्रीय परिषदेत एक भाषण केले, ज्यावर आजही वाद होतो. प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या मुख्य संघटनेत त्या वेळी ६६ संस्था होत्या आणि त्यांत कृष्णवर्णीय म्हणता येईल अशी फक्त एक, हे त्यांनी व्यासपीठावरून सांगितले. ती एक संस्था म्हणजे न्यू ब्रन्सविकमधील क्रॉसरोड्स, म्हणजे तुमच्या एडिसनच्या अगदी शेजारी. ज्या रस्त्याने आपली मंडळी किराणा आणायला जातात त्याच परिसरात १९७८ मध्ये ती उभी राहिली, आणि १९८६ मध्ये जॉर्ज सी. वुल्फ यांच्या 'द कलर्ड म्युझियम'चा पहिला प्रयोग तिने केला. १९९९ मध्ये तिला प्रादेशिक नाट्यसंस्थेचा टोनी पुरस्कार मिळाला, आणि पुढच्याच वर्षी कर्जामुळे तिला आपला हंगाम स्थगित करावा लागला. पुरस्कार आणि कर्ज यांतले ते अंतर मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

विल्सन यांचे म्हणणे होते की कृष्णवर्णीय नटाला गोऱ्यांच्या नाटकात भूमिका देऊन प्रश्न सुटत नाही, कृष्णवर्णीय रंगभूमीला स्वतःच्या संस्था आणि स्वतःचा पैसा हवा. समीक्षक आणि दिग्दर्शक रॉबर्ट ब्रुस्टीन यांनी याला फुटीरपणा म्हटले आणि विल्सन यांची स्वतःची नाटके गोऱ्यांच्या संस्थांमध्येच वाढली याकडे बोट दाखवले. जानेवारी १९९७ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला. ब्रुस्टीन यांचा तो मुद्दा खरा होता, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. एखाद्याला उधारीच्या घरात राहावे लागले, म्हणून त्याने स्वतःचे घर मागू नये असे होत नाही.

तुमचा 'वेगळ्या पंगतीचा' शब्द मला येथे थोडा अडखळवतो. मराठीत तो शब्द हलका नाही, कारण वेगळी पंगत ज्यांच्या वाट्याला खरोखर आली त्यांची रंगभूमी आपल्याकडे आहे. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून, आणि १९७७ मध्ये प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली, ती दोन पात्रे आणि पाण्याचा एक घोट एवढ्यावर उभी होती. तेव्हाही विचारले गेलेच की 'दलित रंगभूमी' अशी वेगळी पाटी हवी कशाला, नाटक ते नाटक. हा प्रश्न बहुधा तेच विचारत होते ज्यांच्या नाटकांना पाटीची गरज नव्हती, कारण सगळे थिएटर त्यांचेच होते. तेव्हा वेगळेपणाची लाज बाळगू नका, आणि त्याचबरोबर आपण त्या इतिहासाचे सरसकट वारसदार आहोत असेही समजू नका.

आता रंगमंच पाठीशी असलेल्या महोत्सवाचे उदाहरण. शिकागोच्या व्हिक्टरी गार्डन्स या संस्थेने २००८ मध्ये 'इग्निशन' नावाचा महोत्सव नेमका तुमच्यासारख्यांसाठी, म्हणजे नवोदित गोरेतर नाटककारांच्या नव्या नाटकांसाठी सुरू केला. क्रिस्टोफर डियाझ यांचे 'द इलॅबोरेट एन्ट्रन्स ऑफ चॅड डिटी' हे नाटक त्यातून पुढे आले, २००९ मध्ये त्याच संस्थेने त्याचा पूर्ण प्रयोग केला आणि २०१० मध्ये ते पुलित्झरच्या अंतिम यादीत होते. नाटक व्यावसायिक कुस्तीविषयी आहे. त्यात ब्रुकलिनचा एक बोलघेवडा भारतीय वंशाचा तरुण आखाड्यात येतो, आणि मालक त्याला दाढीधारी मुस्लिम खलनायक बनवून उभा करतो, कारण प्रेक्षकांना तपकिरी माणूस तसाच हवा असतो. गोरेतर कलावंतांना मंच देणाऱ्या महोत्सवातून असे नाटक निघावे, यात एक मिस्कील न्याय आहे, कारण 'तुम्हाला मंच देतो, पण आम्हाला हवे ते सोंग घ्या' हा धोका महोत्सवांनाही चुकलेला नाही. या महोत्सवाचे यश लिंकन अ‍ॅव्हेन्यूवरच्या बायोग्राफ इमारतीतील संस्थेच्या स्वतःच्या रंगमंचाचे होते, जिथे वाचलेले नाटक एक-दोन वर्षांत नेपथ्यासह उभे राहू शकत होते. पुढे २०२२ मध्ये विश्वस्त आणि कलावंत यांच्यातला संघर्ष विकोपाला गेला, निवासी कलावंतांनी राजीनामे दिले, कर्मचाऱ्यांना काढून टाकण्यात आले आणि संस्थेची स्वतःची निर्मिती थांबली. रंगमंच गेल्यावर महोत्सवाचे काय उरणार?

दुसरे उदाहरण याच्या उलट आकाराचे आहे. न्यूयॉर्कचा 'द फायर धिस टाइम' महोत्सव केली निकोल गिरोड यांनी २००९ मध्ये आफ्रिकी वंशाच्या नवोदित नाटककारांसाठी सुरू केला. ईस्ट व्हिलेजमधील शंभरेक खुर्च्यांच्या जुन्या जागेत दहा दहा मिनिटांची नाटके, पण ती वाचून दाखवायची नाहीत, करायची : दिवे, हालचाल, पाठांतर, सगळे. दहा मिनिटे म्हणजे आपल्या पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेपेक्षाही कितीतरी कमी. तरीही डॉमिनिक मोरिसो आणि अँटोनेट न्वांडू या दोघी त्या महोत्सवात होत्या. महासाथीनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये ब्रॉडवेवर उघडलेले पहिले नाटक न्वांडू यांचे 'पास ओव्हर' होते, आणि ते ज्या थिएटरात झाले त्याचे नाव ऑगस्ट विल्सन थिएटर. मात्र मध्ये किती वर्षे गेली हे पाहा : २०१७ मध्ये शिकागो, २०१८ मध्ये लिंकन सेंटरचा छोटा रंगमंच, आणि मग ब्रॉडवे. त्याच हंगामात अ‍ॅलिस चाइल्ड्रेस यांचे 'ट्रबल इन माइंड' ब्रॉडवेवर पहिल्यांदा आले. ते लिहिले गेले होते १९५५ मध्ये. तेव्हाच्या निर्मात्यांना शेवट गोड हवा होता, लेखिकेने तो दिला नाही, आणि ब्रॉडवेचा प्रयोग बारगळला. १९९४ मध्ये त्या वारल्या. कोणत्याही महोत्सवाच्या परिचयपत्रकात हे उदाहरण छापलेले मी पाहिलेले नाही.

मला सर्वांत जास्त चिंता आहे ती तुमच्या नाटकाच्या पहिल्या वाचनाची नाही, पाचव्या वाचनाची. माझ्यासमोर एका लेखिकेचे नाटक चार वर्षांत पाच ठिकाणी वाचले गेले. प्रत्येक ठिकाणी टाळ्या, प्रत्येक ठिकाणी सूचना, प्रत्येक ठिकाणी तिने इमानाने पुनर्लेखन केले, आणि एकाही ठिकाणी प्रयोग झाला नाही. त्यांतल्या एका संस्थेत मीच कामाला होतो. वार्षिक अहवालात आम्ही 'गोरेतर लेखकांच्या इतक्या नव्या नाटकांना पाठबळ' असे लिहीत होतो आणि मुख्य हंगामात जवळजवळ तीच ठरलेली नावे होती. वाचनाला नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, पाच आठवड्यांची तालीम नाही, त्यामुळे ते स्वस्त असते, आणि स्वस्त असल्यामुळेच कर्तव्य पार पाडल्याचे समाधान देण्यासाठी ते फार सोयीचे असते. न्यूयॉर्कमधील आशियाई-अमेरिकन कलावंतांच्या एका कृतिगटाने २०१८-१९ च्या हंगामातील ब्रॉडवेची आणि शहरातील मोठ्या ना-नफा संस्थांची मोजणी केली, तेव्हा दर पाच नाटककारांतले सुमारे चार गोरे निघाले. इतकी वर्षे महोत्सव आणि वाचने चालू असताना ही स्थिती होती. म्हणून माझा नियम असा : पहिले वाचन नाटक ऐकण्यासाठी घ्यावे, दुसरे बदल तपासण्यासाठी घ्यावे, आणि तिसऱ्याचे निमंत्रण आले की 'प्रयोगाचा विचार आहे का' हे विचारल्याशिवाय होकार देऊ नये.

आता २९ तासांविषयी, कारण ते तुम्ही कसे वापरता यावर बरेच काही अवलंबून आहे. हा आकडा नटांच्या संघटनेने, म्हणजे अ‍ॅक्टर्स इक्विटीने ठरवून दिलेल्या नियमांतून येतो. दोन आठवड्यांच्या आत, जाहीर वाचन धरून, जास्तीत जास्त २९ तास नटांकडून काम घेता येते. तिकीट लावता येत नाही, नेपथ्य आणि वेशभूषा करता येत नाही आणि संहिता हातात असावी लागते. ८० मिनिटांनंतर दहा मिनिटांची किंवा ५५ मिनिटांनंतर पाच मिनिटांची विश्रांती द्यावीच लागते, आणि रंगमंच व्यवस्थापक घड्याळ लावून ती देतो. आपल्याकडच्या 'आणखी एकदा घेऊया, मग चहा' या सवयीला येथे जागा नाही.

मराठीत नाटककाराने स्वतः नाटक वाचून दाखवण्याची परंपरा आहे. निर्मात्याच्या घरी, कोणाच्या तरी दिवाणखान्यात लेखक वाचतो आणि त्याच्या आवाजात नाटक खुलते. येथे लेखक वाचत नाही. तो ऐकतो. पहिल्या दिवशी टेबलाभोवती सलग वाचन होईल तेव्हा संहिता मिटून ठेवा, कारण पान समोर असले की डोळे जे लिहिले आहे तेच ऐकवतात. नट जेथे चुकीच्या ठिकाणी श्वास घेतो, एकच शब्द दोनदा अडखळतो किंवा न सांगता वाक्य बदलून म्हणतो, त्या जागांची फक्त खूण करा. चांगला नट सहसा चुकीच्या वाक्यावरच चुकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी नवी पाने द्या, प्रत्येक पानाच्या तळाशी तारीख घाला, आणि जाहीर वाचनाच्या दिवशी दुपारनंतर एक ओळसुद्धा बदलू नका. तुम्हाला शेवटच्या क्षणी सुचलेला सुंदर बदल नटाच्या जिभेवर बसलेला नसतो, आणि प्रेक्षकांना दिसते ती फक्त त्याची धांदल.

रंगसूचना वाचण्यासाठी एक स्वतंत्र नट असतो. त्याच्यासाठी वेगळी प्रत तयार करा आणि तीत दोन तृतीयांश सूचना कापून टाका. 'ती खिडकीकडे पाहते, तिला आईची आठवण येते' हे मोठ्याने वाचले गेले की नटीला करण्यासारखे काही उरत नाही. संहिता ठेवायच्या म्युझिक स्टँडमागे उभ्या नटांना हालचाली देण्याचा मोह दिग्दर्शकाला होईल. प्रवेश आणि गमन एवढे पुरे, असे आधीच सांगा.

आणि वाचन खोटे बोलते, हे लक्षात असू द्या. चुरचुरीत संवाद वाचनात असतो त्याहून चांगला वाटतो, तर शांतता, हातांचे काम, एकाच वेळी घडणाऱ्या दोन गोष्टी यांचा पत्ताच लागत नाही. तुमच्या नाटकात आजी काही न बोलता पुरणपोळ्या लाटत असेल आणि त्या लाटण्याच्या आवाजात मुलगा आपल्या घटस्फोटाची बातमी सांगणार असेल, तर तो प्रवेश वाचनात पडेल आणि कोणीतरी तो 'लांबतो' असे सांगेल. कापू नका. महोत्सवांची पद्धत रुळल्यापासून आपण सगळेच वाचनात छान वाटेल असे लिहू लागलो आहोत, आणि त्यामुळे नाटके जास्त बोलकी होऊन बसली आहेत, असा माझा जुना संशय आहे.

मराठी संवादांविषयी माझे मत ठाम आहे : प्रेक्षकांना समजावून देऊ नका. आजीने 'जेवून जा' म्हटल्यावर नातीने लगेच इंग्रजीत 'तू मला जेवून जायला सांगतेस, पण मला उशीर होतोय' असे म्हणणे म्हणजे नाटकात दुभाषा आणून बसवणे. पाटावर ठेवलेले ताट, नातीने घड्याळाकडे पाहणे आणि आजीचा सूर यांतून जे कळायचे ते कळते. २००४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये विजय तेंडुलकरांच्या नाटकांचा महोत्सव झाला तेव्हा 'सखाराम बाइंडर' इंग्रजीत झाले, आणि तेथे ते योग्यच होते, कारण नाटक संपूर्ण मराठीतून संपूर्ण इंग्रजीत आले होते. तुमचे नाटक दोन भाषांत एकाच वेळी राहणाऱ्या घराचे आहे. त्या घरात इंग्रजी 'यू' पुरत नाही. सून सासूला 'अहो आई' म्हणते आणि नवरा तिला सगळ्यांसमोर 'अगं' म्हणतो, यात जे नाते आहे ते इंग्रजीत आणता येत नाही, म्हणून तेवढे मराठीतच असू द्या.

प्रेक्षकांना समजावू नका, पण नटांना आणि दिग्दर्शकाला जरूर समजावा. संहितेच्या समासात प्रत्येक मराठी वाक्याचा अर्थ आणि, त्याहून महत्त्वाचे, ते कोणत्या सुरात म्हटले जाते ते लिहा. मराठी येणारे नट फार मिळणार नाहीत. बहुधा हिंदी, पंजाबी, गुजराती घरांतले किंवा फक्त इंग्रजी बोलणारे मिळतील, आणि ते 'बाळ'चा 'बाल' करतील. प्रत्येक वाक्य दोनदा, एकदा सावकाश आणि एकदा घरी बोलतो तसे, ध्वनिमुद्रित करून पहिल्या तालमीच्या आठवडाभर आधी पाठवा. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळा आहे, हे त्यांना कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कोणी विचारणार नाही, म्हणून मी विचारतो. अमेरिकन प्रेक्षकाला तुमचे कुटुंब नुसते भारतीय दिसेल, पण सभागृहातला मराठी प्रेक्षक आडनाव, देवघर आणि स्वयंपाकावरून पहिल्या पाच मिनिटांत त्याची जात ओळखेल. ती तुम्ही ठरवून लिहिली आहे, की नकळत आली आहे? गोरेतर लेखक म्हणून आपण ज्या अदृश्यपणाची तक्रार करतो, तोच अदृश्यपणा आपल्याच नाटकात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आला आहे का, हे पहिल्या तालमीपूर्वी एकदा तपासा.

वाचनानंतर चर्चा असेल. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास घालून दिलेली चार टप्प्यांची पद्धत अनेक संस्था वापरतात. आधी प्रेक्षकांनी काय मनात राहिले ते सांगायचे, मग लेखकाने प्रश्न विचारायचे, मग प्रेक्षकांनी ज्यांत आपले मत दडलेले नाही असे तटस्थ प्रश्न विचारायचे, आणि मते द्यायची ती शेवटी, लेखकाची परवानगी घेऊन. संस्था ही पद्धत वापरत नसेल तर आग्रह धरा, आणि दुसऱ्या टप्प्यासाठी तीन नेमके प्रश्न लिहून न्या. 'नाटक आवडले का' हा प्रश्न नव्हे. 'वडिलांना हे आधीपासून माहीत होते असे कधी वाटले' हा प्रश्न आहे.

करारातील वाट्याबाबत थोडक्यात सांगतो : वाचनासाठी वाटा देऊ नका. नव्या नाटकाचा पहिला पूर्ण प्रयोग करणारी संस्था पैसा आणि जोखीम घालते, म्हणून तिला भावी उत्पन्नात मुदतबंद आणि छोटा वाटा देण्याची प्रथा समजण्यासारखी आहे. म्युझिक स्टँड आणि २९ तास देणारीला तसा हक्क नाही. नाटककारांची संघटना, ड्रामाटिस्ट्स गिल्ड, अशा कलमांना विरोधच करते. नवोदितांनाही तिचे सभासद होता येते आणि सभासदांना ती कराराबाबत सल्ला देते. वाट्याच्या बदल्यात तुम्ही श्रेय देऊ करा : छापील संहितेत 'या महोत्सवात विकसित' अशी ओळ. संस्थेला प्रयोगाचा पहिला हक्क, म्हणजे इतर कोणाला नाटक देण्याआधी आपल्याला विचारावे अशी अट, हवी असेल तर तिला शेवटची तारीख घाला, सहा महिने पुरेत. स्वामित्वहक्क तुमचा आहे आणि तुमच्या संमतीशिवाय एक शब्दही बदलता येत नाही, ही दोन वाक्ये करारात नसतील तर घालून घ्या.

संस्थेने प्रयोग केला नाही, तरी वाचनाने तुमचा 'पहिला प्रयोग' खर्ची पडत नाही. संहिता 'न्यू प्ले एक्स्चेंज' या नव्या नाटकांच्या संकेतस्थळावर ठेवा, आणि 'नॅशनल न्यू प्ले नेटवर्क' या नाट्यसंस्थांच्या जाळ्याची योजना पाहून ठेवा. तीत एकच नवे नाटक किमान तीन संस्था एकापाठोपाठ आपापल्या दिग्दर्शकाकडून आणि नटांकडून करून घेतात, त्यामुळे लेखकाला दुसरा आणि तिसरा प्रयोग आधीच हाती असतो. नव्या नाटकाचा दुसरा प्रयोग मिळवणे हे पहिल्याहून अवघड असते.

राहता राहिले आईबाबा. बोलवा, आणि त्यांच्या ओळखीच्या चारदोन घरांनाही बोलवा. द्यू बॉइस यांच्या चार अटींतली 'आमच्यासाठी' ही अट संस्था पुरी करणार नाही, ती तुम्हालाच करावी लागेल. अमेरिकेतील मराठी मंडळांच्या अधिवेशनात मुंबई-पुण्याहून आलेली नेपथ्यासह नाटके पाहिलेल्या माणसाला हे वाचन अर्धवट वाटते, म्हणून काय दिसणार ते आधी सांगून ठेवा. नाहीतर 'पाठांतर का केले नाही?' हा प्रश्न गाडीत बसण्याआधीच येईल. त्यांना पुढच्या रांगेत बसवू नका. मधल्या रांगेत, कडेला बसवा आणि तुम्ही दोन रांगा मागे, त्यांचे चेहरे तिरके दिसतील असे बसा. मराठी प्रेक्षक कोठे हसतो आणि इतर कोठे हसतात, या दोन जागा वेगळ्या निघतील. त्या दोन्ही तुमच्या प्रतीत दोन रंगांनी नोंदवा. चर्चेत ओळखीचे कोणी उठून 'आमच्या घरात असे होत नाही' म्हणाले, तर उत्तर देऊ नका, पानाचा आकडा लिहून घ्या. आणि बाबांना मात्र घरूनच बजावून आणा की त्या वेळी त्यांनी उभे राहून तुमची बाजू मांडायची नाही.